यादी आली, पण सांगितलं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिसच्या कामाची नोंद ऑफिसात असते. ही वही घरची. आई गेल्याला दोन वर्षं झाली. दिवसभरात काय झालं ते तिला जेवताना सांगायचो. बाबांना सांगितलं तर ते "बरं" म्हणतात.

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलसाठी आम्ही अपॉइंटमेंटचं पोर्टल करतोय. आधीचं पान उघडायला अकरा सेकंद लागायचे, कारण सगळं एकदम यायचं. सगळे विभाग, सगळे डॉक्टर, कॅलेंडर, विम्याचा फॉर्म. ज्याला नुसता दात दाखवायचाय त्याच्याही डोक्यावर सगळं हॉस्पिटल. मी ते तोडलं. आता आधी फक्त सांगाडा येतो. माणसाने 'हाडांचा विभाग' निवडला की त्या विभागाच्या डॉक्टरांच्या यादीचा तुकडा तेवढा मागवला जातो आणि पानावर आपल्या जागी बसतो. नको ते येतच नाही. असे एकूण चौतीस तुकडे. पान दोन सेकंदांत उघडतं.

प्रीतम माझा मॅनेजर, माझ्याहून चार वर्षांनी लहान. सगळ्यांसमोर म्हणाला, "साकेतभाईने मक्खन केलंय एकदम." बरं वाटलं. एक मार्चला पोर्टल लोकांसाठी खुलं होणार.

संध्याकाळी डोंबिवलीला पोचलो तर बिल्डिंगखाली स्कूटर नाही. बाबांनी ती विकली. मला न विचारता, नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला.

"का?"

"आता कुठे जायचं असतं मला," म्हणाले.

रोज सकाळी फडके रोडला जायचे त्यावरून. असो. पार्किंगची जागा मोकळी झाली.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या करारात एक कलम आहे: अंध व्यक्तीने पोर्टल वापरून पाहायचं आणि वापरता येतं अशी सही द्यायची. त्यासाठी आज चित्राताई ऑफिसात आल्या. वय एकोणसाठ, कल्याणला राहतात. एका सरकारी ऑफिसात एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकल्या, तरी वेळेच्या आधी पोचल्या. मी तिथेच अडकून उशिरा पोचलो.

त्यांचा स्वतःचा लॅपटॉप आहे. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज इतका भरभर बोलतो की मला एक शब्द कळेना.

"तुमच्यासाठी हळू करू का?" त्यांनीच विचारलं.

त्यांनी विभाग निवडला, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. यादी अर्ध्या सेकंदात आली. पाच डॉक्टर, फोटोंसकट. त्या बसलेल्याच. मीही बसलो. मिनिट झालं असेल.

"आली यादी," मी म्हणालो.

"कुठे?"

"ही काय, समोर."

"मला कुणी सांगितलं?"

मग त्यांनी एक कळ दाबली तर आवाज पार वरून सुरू झाला, हॉस्पिटलच्या नावापासून. कारण साधं आहे. नवा तुकडा आला हे वाचणाऱ्या आवाजाला कळवायची सोय मी केलेलीच नाही. आणि त्या ज्या जागी होत्या तो जुना तुकडा नव्यासाठी काढून टाकला जातो, त्यामुळे त्यांची जागाच नाहीशी होते. मला हे कधी लक्षात आलं नाही, कारण मला यादी दिसते.

त्यांनी सही दिली नाही. "दुरुस्त करून बोलवा, मी येईन," म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. मला मात्र त्या जरा अडून बसल्यासारख्या वाटल्या. एवढी घाई असताना.


सोमवार, १० फेब्रुवारी

चौतीस तुकड्यांना एकेक करून बोलतं करायला तीन आठवडे लागतील असं प्रीतमला सांगितलं.

"पागल आहेस का? एक तारखेला लाइव्ह जायचंय."

"मग सही नाही मिळणार."

तो थोडा वेळ पेन फिरवत राहिला. "एक काम कर ना. तिच्या लॉगिनला सगळं एकदम लोड कर. तुकडे-बिकडे काय नको. जुन्या पानावर हा प्रॉब्लेम नव्हता ना?"

"नव्हता. पण मग ती जे तपासेल ते लोकांना मिळणारच नाही."

"देऊ रे नंतर. फेज टूमध्ये."

मी बघतो म्हणालो. वीस मिनिटांत करून टाकलं. एक अट लिहायची होती: हे लॉगिन असेल तर सगळं आधीच आण. प्रीतमच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

घरी बाबांनी चहा ओतला तो निम्मा ओट्यावर.

"कप तू हलवलास," म्हणाले.

मी हात लावला नव्हता. हल्ली त्यांचं हेच चालतं. रिमोट इथेच, चपला तिथेच, खुर्ची फरशीच्या रेघेला लावून. आयुष्यभर अंबरनाथच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते, अर्ध्या मिलिमीटरवरून लोकांशी भांडायचे. रिटायर झाल्यावर ते सगळं घरावर आलंय.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

पेपर बंद करू या म्हणाले. वाचण्यासारखं काही नसतं म्हणे. मी म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल, शनिवारी जाऊन येऊ. "गेलो होतो मी. नंबर तोच आहे," म्हणाले. डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब दिलेत, ते दिवसातून दोनदा घालतात.

संध्याकाळी पॅसेजमधून भिंतीला हात लावून येत होते. काय करताय विचारलं तर म्हणाले, "ओल आलीये का बघतोय." मीही सगळी भिंत चाचपून पाहिली. कोरडी आहे. तरी वरच्या मजल्यावर जाऊन त्यांचा नळ गळतो का विचारून आलो.

दिवसाही ट्यूब चालू ठेवतात, ती मी बंद करतो.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चित्राताईंची दुसरी तपासणी. त्या घरूनच करणार होत्या, पण कल्याणला त्यांच्या भागात आज वीज नव्हती. मी शुक्रवारी घरून काम करतो, म्हणून इथेच या म्हटलं. दार बाबांनी उघडलं. मी मीटिंगमध्ये होतो, त्यामुळे वीस मिनिटं ते दोघंच बोलत बसले. जुने टेलिफोन एक्सचेंज, अंबरनाथचा कारखाना. बाबा बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

तपासणी छान झाली. त्यांच्या लॉगिनला सगळं आधीच आलेलं असल्यामुळे आवाज ओळीने वाचत गेला. डॉक्टर, वेळ, नाव, नोंद. "आता कसं सरळ झालं," म्हणाल्या, आणि सही केली. चांगलं केलंस म्हणाल्या. मी थँक्यू म्हणालो. तेव्हा काही विशेष वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय.

त्यांना रिक्षात बसवायला खाली गेलो. रिक्षा थांबली तरी त्या चढल्या नाहीत.

"बाबांना कधीपासून दिसत नाही?"

"त्यांना दिसतं."

"दार उघडताना कडीवर हात दोनदा चुकला. पाणी देताना ग्लास टेबलावर ठेवला, आधी बोटांनी टेबलाची कड शोधून. मी तीस वर्षं तसाच ठेवतेय. आवाज ओळखते मी."

"अहो, परवापर्यंत स्कूटर चालवत होते."

"मग विकली का?"

मी त्यांना स्कूटर विकल्याचं काहीच बोललो नव्हतो. बाबांनी सांगितलं असणार. मला राग आला. अर्ध्या तासाच्या ओळखीत लोक काहीही बोलतात. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा त्या बसल्या.


रविवार, २३ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

दोन दिवस बाबांकडे बघत होतो. काही ठरत नव्हतं. सरळ समोर बघतात तेव्हा सगळं नीट करतात. माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं त्यांनीच दाखवलं. म्हणजे दिसतं. पण मधेच काहीतरी राहून जातं.

आमच्या कामात शंका असली की एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते पाहायचं. सव्वासहाला मी स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल उचललं आणि पॅसेजच्या तोंडाशी, उजवीकडे ठेवलं. ट्यूब चालू होती. आणि मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो.

सात वाजता ते आले. भिंतीला हात होता. थांबले नाहीत, बघितलं नाही. पाय अडकला आणि पुढे पडले. मनगटावर सगळं वजन आलं. आवाज आला.

मी उठून गेलो. ते म्हणाले, "लागलं नाही." मनगट वाकडं दिसत होतं.


सोमवार, २४ फेब्रुवारी

मनगटाचं हाड मोडलं आहे. प्लास्टर, सहा आठवडे.

काल दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना ते आपणहून बोलायला लागले. म्हणाले, "स्टूल मी तिथे कधी ठेवलं काही आठवत नाही. आता डोकंही चालेनासं झालं." मी केसपेपरची घडी घातली.

मग म्हणाले, काचबिंदू आहे. तीन वर्षं झाली. मधलं दिसतं, कडा गेल्या. आईला माहीत होतं, तीच थेंब घालायची. ती गेल्यावर स्वतः घालायला लागले, पण निम्मे गालावर जायचे, मग ते कितीदा घातले याचाही हिशेब राहिना.

"आणि स्कूटर?"

"दोन तारखेला टिळक रोडला एक मुलगी सायकलवरून डावीकडून आली. मला घंटी ऐकू आली, मुलगी दिसली नाही. पडली ती. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. म्हणाली, आजोबा, मी घंटी वाजवली होती. दुसऱ्या दिवशी गाडी देऊन टाकली."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो. तू घरी येतोस तेव्हा कानात ते इअरफोन घातलेले असतात. काढशील तेव्हा सांगू म्हटलं."

आत बोलावलं म्हणून बोलणं तिथेच थांबलं.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. एका काळोख्या खोलीत मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवतात. आत कुठेही बारीक दिवा लागतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याच्या बाहेर होतो. बटणाचा टक् असा आवाज बाहेर येत होता. टक्, टक्. मग बराच वेळ नाही. मग एकदा. मशीन चालूच होतं.

गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. उरलेलं राखता येईल. थेंब वेळच्या वेळी. हे दोन वर्षांपूर्वी नेमाने झालं असतं तर बरंच जास्त राहिलं असतं, असंही म्हणाल्या. बाबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या.

थेंब आता मी घालतो. सकाळी सात, संध्याकाळी सात. ऑफिसातून साडेपाचला निघतो. प्रीतमने घड्याळाकडे पाहिलं.


मंगळवार, ४ मार्च

पोर्टल शनिवारी सुरू झालं. पहिल्या दिवशी चारशे नोंदी. प्रीतमने पेढे वाटले.

आज चित्राताईंचा फोन. गुडघा दाखवायचा म्हणून त्यांनी मोबाइलवरून, लॉगिन न करता पोर्टल उघडलं. विभाग निवडला. पुढे शांतता.

"त्या दिवशी तुझ्या घरी चाललं, ते काय होतं?"

काहीही सांगता आलं असतं. नेट, मोबाइल, जुनं व्हर्जन. त्यांना पडताळता आलं नसतं. मी सांगितलं. तुमच्या लॉगिनपुरतं वेगळं केलं होतं. मीच केलं.

त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं बोर्डावर बसले. लाइन लागली नाही तर लागली नाही असं सांगायचे. समोरचा शिव्या द्यायचा, तरी तसंच सांगायचे."

"चुकलं माझं."

"ते तुझं तू बघ. माझी सही परत कशी घ्यायची ते सांग."

मी सांगितलं, हॉस्पिटलला पत्र लिहावं लागेल. पत्ता दिला. फोन ठेवायच्या आधी त्यांनी बाबांची चौकशी केली. हात मोडलाय म्हटलं. कसा मोडला विचारलं. पडले, एवढंच म्हणालो.


शुक्रवार, ७ मार्च

चित्राताईंच्या पत्राबरोबर माझंही पत्र हॉस्पिटलला पाठवलं. काय केलं, कुठे केलं, बाकीच्यांसाठी पान कसं चालतं. प्रीतमचं नाव घातलं नाही. नंतर त्याला सांगितलं.

तो ओरडला नाही. "आधी सांगायचंस ना मला."

"आधी सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"हो ना यार, थांबवलंच असतं," म्हणाला, आणि खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत बसला. त्याच्या घराचा हप्ता याच वर्षी सुरू झालाय, हे मला माहीत आहे.

हॉस्पिटलने तीन आठवडे दिलेत. तोवर पोर्टलवर वरच मोठ्या अक्षरांत फोन नंबर, आणि उचलायला माणूस. चौतीस तुकडे मीच करायचे. एप्रिलपासून मला दुसऱ्या टीममध्ये टाकलंय, जुन्या सॉफ्टवेअरच्या देखभालीला. तिकडे नवीन काही बनत नाही. अपेक्षा होतीच.


रविवार, १६ मार्च

काम असं चाललंय. पानावर आधीपासून एक रिकामी जागा ठेवायची, जी वाचणाऱ्या आवाजाला माहीत असते. तुकडा मागवला की तिथे लिहायचं, 'डॉक्टरांची यादी येत आहे'. आली की, 'पाच डॉक्टर आहेत'. आणि माणूस जिथे होता ती जागा काढून टाकण्याआधी त्याला नव्या यादीच्या मथळ्यावर नेऊन ठेवायचं. अवघड काहीच नाही. अकरा झाले.

आज थेंब घालताना बाबांना सांगितलं. ते डोळे मिटून पडले होते, पाच मिनिटं मिटून ठेवावे लागतात. मी म्हणालो, स्टूल तुम्ही ठेवलं नव्हतं. मी ठेवलं होतं. बघायला.

त्यांनी विचारलं,

"किती वाजता ठेवलंस?"

"सव्वासहा."

"सव्वासहा ते सात," म्हणाले. "मधे मी एकदा पाणी प्यायला गेलो होतो. तेव्हा डाव्या अंगाने गेलो असणार."

पाच मिनिटं झाली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, "तीन आठवडे मला वाटतंय की माझं डोकंही गेलं. डोळ्यांचं चालवून घेतलं असतं मी."

उठून आपल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.


बुधवार, १९ मार्च

तीन दिवस बोलत नाहीत. थेंबांना सातच्या ठोक्याला येऊन बसतात, मान वर करतात. झाले की जातात. मी ट्यूब बंद करत नाही.


शनिवार, २२ मार्च

सकाळी बाबा म्हणाले, "त्या बाईंचा नंबर दे." दिला. अर्धा तास बोलले, दार लावून. दुपारी चित्राताई स्वतः आल्या. माझ्याशी 'काय, कसा आहेस' एवढंच. बाबांना घडीची पांढरी काठी दिली, त्यांची जुनी. बाबा ती हातात घेऊन सांधे तपासत होते, किती भाग आहेत, आतून रबरी दोरी कशी ओवलीये.

"मला मधलं दिसतं अजून," म्हणाले.

"दिसू दे की. काठी तुमच्यासाठी नाही, सायकलवाल्या मुलीसाठी आहे. तिला कळायला हवं."

बाबांनी त्यांना तेही सांगितलेलं दिसतंय. प्लास्टरचा हात उजवा, म्हणून काठी डाव्या हाताने शिकवली. दोघं पॅसेजमध्ये वर-खाली करत होते. मी आतल्या खोलीत काम करत होतो. एकोणीस झाले.


शुक्रवार, २८ मार्च

चौतीस झाले. चित्राताईंनी कल्याणहून, स्वतःच्या मोबाइलवर, लॉगिन न करता तपासलं. मी फोनवर होतो, पण बोलायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. विभाग निवडल्यावर मला त्यांच्या मोबाइलचा आवाज ऐकू आला. आता तो थोडा कळतो. दोन चुका सापडल्या: कॅलेंडरमध्ये महिना बदलल्याचं सांगत नाही, आणि विम्याच्या फॉर्ममध्ये एकच ओळ दोनदा वाचतो. त्यांनी सही दिली, आणि सहीखाली या दोन्ही चुका लिहिल्या. प्रीतम म्हणाला, चुका लिहिल्या नसत्या तर बरं झालं असतं. दोन्ही आजच दुरुस्त केल्या. तरी कागद तसाच गेला.

पान उघडायला आता सव्वादोन सेकंद लागतात.


शनिवार, ५ एप्रिल

काल प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय, मूठ नीट वळत नाही. व्यायाम दिलेत.

आज सकाळी बाबा म्हणाले, "भाजी घेऊन येतो." काठी आणि पिशवी घेतली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाले. ते जिना उतरल्यावर मीही उतरलो. वीसएक पावलांचं अंतर ठेवून चाललो. फुटपाथवर लावलेल्या मोटरसायकलींना वळसा घातला त्यांनी. एकदा काठी शहाळ्याच्या ढिगाला लागली. शहाळेवाल्याने त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघी समोरून आल्या आणि काठीकडे बघत राहिल्या. बाबा त्यांना "काय, बाजार का?" म्हणाले. चौकाशी थांबले. मीही थांबलो.

मागे न वळता म्हणाले, "साकेत, एकतर बरोबर चाल, नाहीतर घरी जा. तुझ्या चपला वाजतात, मला रस्ता ऐकू येत नाही."

लोक बघत होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"तू घरी जा," म्हणाले.

मी घरी आलो. कॉम्प्युटर उघडला नाही. पाऊण तासाने ते आले. पिशवीत गवार, टोमॅटो, लिंबं. कोथिंबीर विसरली. मी म्हटलं राहू दे, तिच्यावाचून अडत नाही.

"आणतो," म्हणाले, आणि पुन्हा जिना उतरून गेले.